चाळणीत उरलेले काजवे

हेमांगी दाबके दृश्यं धुण्याचं काम करायची. नाशिकच्या 'दृश्यकोठार'मध्ये तयार चित्रफितींचा मोठा साठा होता. उगवता सूर्य, खळाळती नदी, एकमेकांशी हात मिळवणारे सूटवाले, काही कारण नसताना सॅलड खात हसणारी बाई. ज्याला जाहिरातीची घाई आहे आणि सूर्य उगवेपर्यंत थांबायची तयारी नाही, तो इथून सूर्य उचलून नेई. धंद्यात याला स्टॉक फुटेज म्हणतात. उचललेला सूर्य किरकिरा निघाला, किंवा मोठ्या पडद्यावर त्याच्या चौकटी-चौकटी दिसायला लागल्या, की गिऱ्हाईक बोंब मारत फोन करी. ती बोंब उठण्याआधीच सूर्य घासूनपुसून ठेवायचा, ही हेमांगीची नोकरी. कॉलेज सुटल्यावर ती इथे चिकटली ती चिकटलीच. माझ्या हातून गेलेल्या चित्रात डाग दाखवा, असं ती नव्या पोरापोरींना खुशाल सांगे आणि तो माज तिला शोभतही असे.

पौषातल्या एका सकाळी रामजी धिंदळे तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. रामजी हा कोठाराचा जुना कॅमेरामन, अकोले तालुक्यातल्या वाघदरे गावचा. कोठारासाठी त्यानं सगळा सह्याद्री पालथा घातला होता आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर तो गावी परतला होता. तिथे काजव्यांच्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांना तो कळमजाई देवीची राई दाखवी. आज त्याचा चेहरा रागानं आवळलेला होता.

"हेमाताई, बारा वर्सांखाली मी राईत रातचं शूटिंग केलं व्हतं. काजव्यांचं. ती फीत काढा."

"अहो, बसा तरी. चहा सांगते."

"आधी फीत. मग चहा."

भांडण होतं ते असं. लखलख समूहाला राईच्या कडेवर 'चांदणमहाल' बांधायचा होता. काचेचं हॉटेल, काचेचा पूल आणि झाडांवर खालून सोडलेले दिव्यांचे झोत. आता नव्या जागी काही बांधायचं तर परवानगीआधी 'मागोवा'ला विचारावं लागे. मागोवा हे यंत्र. एखाद्या जागेची जुनी चित्रं मिळतील तेवढी सगळी ते पाहतं आणि तिथे कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणते किडे होते ते सांगतं. कल्पना नामी होती. माणसं विसरतात, वशिला लावतात, वेळ पडली तर खोटंही बोलतात. चित्रं यातलं काही करत नाहीत, असा सगळ्यांचा समज होता. तर या मागोवानं कळमजाईच्या राईची चित्रं पाहिली आणि निर्वाळा दिला, की इथे काजवे असल्याची नोंद नाही.

"एकपण न्हाई म्हणे!" रामजी म्हणाला. "मी म्हटलं, जेठापत्तुर थांबा, या आणि डोळ्यानं बघा. तर म्हणतात, यंत्रानं न्हाई सांगितलं, मग थांबायचं कशापायी? सुनावणी म्हयन्यावर आलीय."

"गावात कुणाच्या फोनवर काही नाही?"

"ढीगभर हाये. पण फोनचं चालत न्हाई."

ते मात्र खरं होतं. हल्लीचा फोन समोर जे आहे ते टिपत नाही, जे दिसायला हवं ते रंगवून देतो. काही फोनांनी वाघदऱ्याचे काजवे डाग समजून पुसले होते, काहींनी कौतुकानं दुप्पट केले होते. त्यामुळे फोनचा पुरावा कुठल्याच सुनावणीत कुणी विचारात घेत नसे. चालायची ती फक्त जुन्या, साध्या कॅमेऱ्यातून काढलेली फीत.

आणि काजव्याला उजेड काही हौस म्हणून दिलेला नाही. नर चमकतो, मादी उत्तर देते, अंधारात दोघं एकमेकांना सापडतात. झाडांवर झोत सोडले की ती साद बुडालीच. जोडी जमली नाही की पुढल्या साली अळ्या नाहीत. दोन-तीन जेठांत राई कायमची विझणार, हे सांगायला कुठलं यंत्र लागत नव्हतं.

हेमांगीनं कोठारात शोध घेतला. 'वाघदरे, रात्र' लगेच सापडली. पडद्यावर काळीशार झाडं उभी राहिली, वर निळंकाळं आकाश, कुठे किरकिर नाही, कुठे चौकट नाही. असं स्वच्छ काम पाहून एरवी तिला बरं वाटलं असतं.

रामजी पडद्याजवळ वाकला. मग आणखी वाकला.

"माझं काजवं कुठंयत?"

हेमांगीला उत्तर कळलं होतं.

"मी धुतले," ती म्हणाली.

अंधारात कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उजेडाचे कण इतके थोडे पडतात, की एका ठिपक्यावर चार पडले आणि शेजारी सात, तरी तो नुसता योगायोग असतो. त्यात सेन्सरच्या स्वतःच्या विजेची कुजबुज मिसळते. मग चित्रभर ठिपके वळवळायला लागतात. हाच नॉइज. एकट्या चित्राकडे बघून तो ओळखता येत नाही, त्यासाठी मागचीपुढची चित्रं बघावी लागतात. झाड दर चित्रात जागच्या जागी असतं. नॉइजचा ठिपका या चित्रात असतो आणि पुढच्यात नसतो. कोठारात धुण्यासाठी आणलेल्या 'निर्मळ' यंत्राचा न्याय त्यामुळे अगदी सोपा होता. जे टिकतं ते खरं. जे क्षणात येऊन जातं ती घाण.

दुरून काढलेल्या चित्रात काजवा म्हणजे क्षणात येऊन जाणारा एक ठिपका. निर्मळनं त्याचं काम चोख केलं होतं.

"मग न धुतलेली फीत काढा," रामजी म्हणाला.

हेमांगी उठली आणि ओगलेसरांच्या केबिनकडे गेली.

विश्वास ओगल्यांनी कोठार उभं केलं होतं आणि हेमांगीलाही. चित्र पाहायचं कसं, हे तिला त्यांनी शिकवलं होतं. पडद्याला नाक लावून आधी सावल्या बघायच्या, मग उजेड. ते तिला 'हेमा' म्हणत; घरच्यांखेरीज तसं म्हणणारे ते आणि रामजी दोघेच.

"मूळ फिती?" ओगलेसर म्हणाले. "पुसल्या ना आपण. निर्मळ आलं त्याच साली. एक मळकी आणि एक स्वच्छ, दोन्ही सांभाळायला जागा कुठे होती? मीच सांगितलं पुसायला."

"सर, निर्मळनं काजवे खाल्लेत."

ओगलेसरांनी चष्मा कपाळावर चढवला. सगळं उलगडून सांगायची गरज पडली नाही, जन्म याच धंद्यात गेला होता.

"किती फितींत?"

"वाघदऱ्याची पाहिली. बाकी पावसाचे थेंब, भुंगे, लांबचे पक्षी, कुठे काय गेलंय देव जाणे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर उतरवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस."

"रामजींना काय सांगू?"

"हेमा, मागोवावाले आपलं कोठार विकत घेताहेत. त्यांनी आजवर जे पाहिलंय त्यातलं अर्धंअधिक आपल्याकडचं आहे. आपली चित्रं निष्कलंक, म्हणून त्यांना ती हवीत. कोठारावर इतक्या माणसांचं पोट आहे, तुझंही आहे. आणि उद्या तू सुनावणीत उभी राहून सांगणार, की आमची चित्रं खोटी?"

"खोटी नाहीत. अर्धी आहेत."

"बाजारात दोन्हीचा अर्थ एकच."

"सर, पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं. डाग काढायचा, वस्तू काढायची नाही."

ओगलेसरांचा चेहरा ताणला गेला. "शिकवलेलं मला परत शिकवू नकोस. व्यवहार होईपर्यंत कोठाराला कुलूप आहे. तिथून एक फाईल बाहेर जाणार नाही."

"नका देऊ. मला रजा द्या."

"कशासाठी?"

"वस्तू शोधायला."

"आणि नाही दिली तर?"

"तर रजेशिवाय जाते," हेमांगी म्हणाली. दार तिनं लावलं ते मात्र हळूच. इतक्या वर्षांची सवय होती.

कोपऱ्यावरच्या टपरीवर दोघं चहा घेत बसली. रामजीनं सगळं ऐकून घेतलं. मग बशी खाली ठेवून विचारलं, "ताई, कापड धुतलं तर मळ पाण्यात जातो. तुमचा ह्यो मळ कुठं जातो?"

हेमांगीचा कप ओठांपाशीच थांबला.

मळ गेला नव्हता. मळ तिनंच उचलून ठेवला होता.

त्याचं असं आहे की स्वच्छतेचाही अतिरेक होतो. घासून लख्ख केलेलं रात्रीचं आकाश टीव्हीवर पाठवायचं तर फाईल लहान करावी लागते, आणि लहान करणारी रीत जवळजवळ सारखे काळे रंग एकेका चौकटीत कोंबून मोकळी होते. मग आकाशात पायऱ्या दिसतात, चौकटी उठतात. गिऱ्हाईक पुन्हा बोंब मारतं. यावर जुना उपाय म्हणजे धुतलेल्या चित्रावर थोडी बारीक किरकिर परत शिंपडायची. पायऱ्यांच्या कडा तिच्यात बुजतात आणि आकाश सलग दिसतं. बाकीचे संपादक ही किरकिर यंत्राकडून बनवून घेत. हेमांगीला ती मेलेली वाटे. ती खऱ्या फितींतून निघालेला मळ गाळून ठेवायची आणि तोच दुसऱ्या चित्रांवर शिंपडायची. आई चाळणीतला कोंडा टाकू देत नसे, थालीपिठात घाली, त्यातलाच प्रकार. कोठारात या मळाला नावंही स्वयंपाकघरातलीच होती, पिठी, कणी आणि रवा. सगळ्यांत मागणी रव्याला. त्या रव्यात जान आहे, असं ओगलेसर म्हणत.

रवा वाघदऱ्याच्या फितीतून निघाला होता.

"रामजी," हेमांगी म्हणाली, "तुमचे काजवे बारा वर्षं टीव्हीवर आहेत."

"काय?"

"लोकांच्या घराघरांत. डासांच्या कॉइलच्या जाहिरातीत, गाद्यांच्या, विम्याच्या, फ्लॅटच्या. जिथे जिथे मी रात्रीचं आकाश दिलं तिथे तिथे."

रामजीनं टपरीतल्या टीव्हीकडे पाहिलं. तिथे क्रिकेट चाललं होतं.

"मला तर कव्हा दिसलं न्हाईत."

"कुणालाच दिसू नयेत, इतकेच टाकायचे असतात. तोच तर आमचा धंदा."

रव्याची फाईल कुलपात होती. पण प्रसारित झालेली प्रत्येक जाहिरात सरकारी संग्रहात तारखेसकट जमा होते आणि तो संग्रह कुणालाही पाहता येतो. विचार केल्यावर हेमांगीला वाटलं, फाईल मिळाली नाही हे एका परीनं बरंच झालं. घरच्या संगणकातून काढलेली फाईल कुणीही बनावट ठरवली असती. बारा वर्षांपूर्वी गावभर दाखवलेली जाहिरात कोण बनावट ठरवणार?

तिनं घराच्या हॉलमध्ये संगणक मांडला आणि पहिली जाहिरात घेतली. गादीवर झोपलेलं जोडपं, खिडकीत आकाश. आकाशाचा सलग रंग वजा केला. खाली उरला नुसता चिखल, चौकटींत दाबलेला. काजवा तर सोडाच, ठिपका म्हणावा असंही त्यात काही नव्हतं.

दुसरीतही चिखल, तिसरीतही चिखलच.

"गेलं मग?" पुन्हा नाशकात आलेल्या रामजीनं विचारलं.

"गेलं म्हणायची मला सवय नाही," हेमांगी म्हणाली. "गणपतीची आरती शंभर जण म्हणतात. त्यातला एक खोकतो, एक बेसूर आहे, एकाला शब्द येत नाहीत. एकेकाला वेगळं ऐकलं तर कानावर हात ठेवाल. पण रस्त्यावरून चाल ओळखू येते ना?"

"येते."

"कारण प्रत्येकाची चूक वेगळी, चाल मात्र एकच. या जाहिरातींचं तसंच आहे. गादी वेगळी, जोडपं वेगळं, चिखल वेगळा. रवा सगळीकडे एकच. एकावर एक रचत गेलं की वेगळं असेल ते एकमेकांना खोडेल आणि एकच असेल ते वर येईल."

बोलायला हे सोपं होतं. जाहिराती रचत गेल्यावर वर आलं ते भलतंच. स्पष्ट, रेखीव चौकटींची जाळी! फाईल लहान करणारी रीत सगळीकडे सारखी, तेव्हा तिच्या चौकटीही सगळ्या जाहिरातींत नेमक्या त्याच जागी होत्या. आरतीत सगळेच एका सुरात खोकावेत तसं झालं. हेमांगीनं दोन दिवस त्या जाळीला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी शिव्या थांबवून तिनं दिवसाउजेडीच्या जाहिराती आणल्या. त्यांत रवा नव्हता, जाळी होती. त्यांच्यातून नुसती जाळी काढून घेतली आणि रात्रीच्या ढिगातून वजा केली. जुळेना, थोडी सरकवली. पुन्हा वजा केली.

रचता रचता मध्येच ओगलेसरांचा फोन आला. त्यांनी विचारलं, जेवतेस ना वेळेवर? ती म्हणाली, हो. दोघांनीही कामाचं काही काढलं नाही. फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. ज्या माणसाचं कोठार आपण मोडायला निघालो त्यानंच आपलं जेवण विचारावं, हे तिला फार लागलं. डोळे पुसून तिनं पुढची जाहिरात उघडली.

एका दुपारी खिडकीचे पडदे ओढून तिनं रामजीला बसवलं आणि रचून मिळालेली फीत चालू केली.

काळ्या पडद्यावर आधी काहीच नव्हतं. मग एक ठिपका उमटला आणि गेला. त्याच जागी पुन्हा उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. मग एका उंचच उंच आकारावर ठिपक्यांची लाट खालून वर गेली, विझली, क्षणभर थांबली आणि पुन्हा उठली. झाड दिसत नव्हतं, पण काजव्यांनी झाड काढून दाखवलं होतं.

रामजी खुर्चीतून उठला. बोट पडद्याला लागेल इतकं पुढे नेलं.

"ह्यो बेहडा," तो म्हणाला. "ह्यो वाकडा, हिरडा. आन् मधी ही काळी जागा हाये ना, ती कळमजाईची शिळा. तिच्यावर काजवं बसत न्हाईत." तो हेमांगीकडे वळला. "ताई, हे तर समदंच हाये."

सुनावणी संगमनेरच्या एका सभागृहात होती. छताला इतके दिवे की माणसाला सावलीसुद्धा उरत नव्हती. सुनावणी अधिकारी निलोफर मुजावर मोजकं बोलणाऱ्या, पण ऐकताना पेन खाली ठेवणाऱ्या. लखलख समूहातर्फे वकील सबनीस. मागच्या बाकांवर वाघदऱ्याची माणसं, आणि अगदी शेवटी, दाराजवळ, विश्वास ओगले. ते येतील असं हेमांगीला वाटलं नव्हतं. त्यांच्याकडे बघायचं तिनं टाळलं.

ती उभी राहिली आणि तिनं पहिलीच जाहिरात लावली ती लखलख दिव्यांची. काळं आकाश, त्याखाली अंधारलेली गल्ली, मग एकदम दिवा पेटतो आणि पाटी येते, 'लखलख! रात्रीचा दिवस!'

"ही आमच्या अशिलाची जुनी जाहिरात आहे," सबनीस म्हणाले. "तिचा इथे काय संबंध?"

"या जाहिरातीतलं आकाश मी सजवलंय," हेमांगी म्हणाली. "तुमच्या अशिलांनी तेव्हा तक्रार केली होती, आकाशात चौकटी दिसतात म्हणून. मी त्यांच्यावर रवा टाकला. चौकटी गेल्या. तो रवा म्हणजे कळमजाईच्या राईतले काजवे."

सभागृहात हसू पिकलं. मुजावर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हसू थांबलं.

हेमांगीनं सगळं सांगितलं. धुणं, रवा, जाहिराती, जाळी, वजाबाकी. तिनं संग्रहातल्या जाहिरातींच्या तारखा पडद्यावर दाखवल्या आणि म्हणाली, "मी केलं ते कुणीही करून बघावं. संग्रह उघडा आहे."

सबनीस उठले. "मॅडम, हा कचरा आहे. कचऱ्याकडे टक लावून पाहिलं तर काय वाटेल ते दिसतं. ढगात हत्तीही दिसतो."

"म्हणून मी बघत नाही," हेमांगी म्हणाली. "मागोवाला बघू द्या. तुमचाच साक्षीदार आहे."

मुजावर मॅडमनी मान हलवली. मागोवा चालवणाऱ्या माणसानं फीत घेतली आणि यंत्राला दिली. लोक बाकांवर पुढे सरकले. यंत्रानं वेळ घेतला नाही. काजवे, असं त्यानं सांगितलं. ठिपक्यांची चमक आणि त्यांमधला खंड सह्याद्रीतल्या काजव्यांशी जुळतो, संख्या मोठी. ठिपक्यांनी उमटणारे झाडांचे आकार आणि मधली मोकळी जागा कळमजाईच्या राईच्या दिवसाच्या चित्रांशी जुळते.

मागोवाला कुणी खोटं पाडलं नव्हतं. त्यानं आधीही खरंच सांगितलं होतं, त्याला दाखवलं होतं तेवढ्यातलं.

सबनीस मात्र मुरलेले वकील होते. "आकार जुळतील," ते शांतपणे म्हणाले. "पण बाईंनी काजव्यांचं चित्र तेव्हाच कुठून तरी बनवून जाहिरातींवर टाकलं नसेल कशावरून? हा रवा याच राईतल्या फितीतून निघाला, हे सांगणारी मूळ फीत कुठे आहे?"

हेमांगी रामजीकडे वळली. रामजी उभा राहिला, पण तो तर गावचाच, पक्षकार. सबनीसांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मूळ फीत मी पुसली."

सगळ्यांनी मागे पाहिलं. ओगलेसर दाराजवळून चालत पुढे येत होते. त्यांच्या शेजारी बसलेला मागोवा कंपनीचा माणूस त्यांना हातानं खुणावत होता. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं, किंवा असलं तरी ते दाखवत नव्हते.

"विश्वास ओगले, दृश्यकोठार माझं आहे. या गृहस्थांना राईत शूटिंगला मीच पाठवलं. फीत आली ती मी पाहिली. काजवे होते, भरपूर होते. नंतर आम्ही ती यंत्रात धुतली आणि जागा वाचवायला मूळ फीत पुसली. माझ्या हुकमानं. या बाईनं निघालेला मळ तेवढा ठेवला. तो अजून माझ्या कोठारात आहे, कुठल्या फितीतून निघाला त्याच्या खुणेसकट. आज संध्याकाळी तो तुमच्याकडे येईल." ते थांबले, मग आवाज न वाढवता म्हणाले, "आणि मॅडम, माझ्या कोठारातल्या इतर फितींवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्यांतून काय गेलंय ते मलाही माहीत नाही."

मागोवाचा माणूस उठून फोन कानाला लावत बाहेर गेला. व्यवहार त्याच्याबरोबर गेला, हे कळायला कुणाला ज्योतिषी नको होता.

मुजावर मॅडमनी छताच्या दिव्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ती फीत मला नीट बघायची आहे. या उजेडात दिसत नाही. दिवे घालवा."

शिपायानं एकेक बटण खाली केलं. खिडक्यांचे पडदे ओढले गेले. सभागृह काळं झालं आणि समोरच्या भिंतीवर राई उठली. बेहड्यावरून लाट वर गेली, हिरड्यानं तिला उत्तर दिलं, मधली शिळा काळी ती काळीच राहिली. वाघदऱ्याच्या बाया आपसात कुजबुजत होत्या, त्या गप्प झाल्या. फीत संपली. अंधारातून मॅडमचा आवाज आला, "पुन्हा लावा."

निकाल त्यांनी तिथेच दिला. काजवे राईत होते, हे त्यांनी मान्य केलं. येत्या जेठात प्रत्यक्ष पाहणी होईल. तोवर आणि काजवे दिसल्यास त्यानंतरही, राईवर किंवा राईच्या दिशेनं एकही दिवा लावता येणार नाही. चांदणमहाल हवाच असेल तर तो डोंगराच्या पलीकडे बांधा. आणि यापुढे मागोवाला चित्र देणाऱ्यानं धुण्यातून निघालेला मळही सोबत द्यायचा.

बाहेर पायरीवर ओगलेसर एकटेच उभे होते. हेमांगी त्यांच्याजवळ गेली.

"सर, कोठाराचं आता..."

"बघू. इतकी वर्षं कुणी विकत मागत नव्हतं, तरी चालवलंच ना." ते समोर बघत राहिले. "तुझ्या रव्यात जान आहे, असं मी म्हणायचो. म्हणताना एकदाही विचारलं नाही कसली. ते जाऊ दे. सोमवारी येशील ना? पिठी आणि कणी अजून कुणी तपासलेली नाही. त्यांत काय काय बसलंय, बघायला लागेल."

"येते," हेमांगी म्हणाली.

रामजी माणसांना जीपमध्ये बसवून परत आला. ओगलेसरांपुढे क्षणभर घुटमळला. फीत पुसणारा हाच, आणि भर सभेत ते कबूल करणाराही हाच. मग त्यानं त्यांचा हात हातात घेतला.

"सर, जेठात या आमच्याकडं. माझ्याच घरी उतरा. काजवं दाखवतो. बॅटरी तेवढी घरी ठिवून या."